काच घासणारा जोसेफ फ्रॉनहोफर

जोसेफ फ्रॉनहोफर यांचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी बव्हेरियातील स्ट्राउबिंग या गावी, काचकाम करणाऱ्या कुटुंबात झाला. ते अकरावे अपत्य. वयाच्या अकराव्या वर्षी आई-वडिलांचे छत्र हरपले आणि त्यांना म्युनिकमधील एका आरसेवाल्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. मुदत सहा वर्षांची, वेतन काही नाही. मालकाने त्यांना रविवारच्या शाळेत जाऊ दिले नाही, पुस्तक वाचू दिले नाही. काच घासणाऱ्या मुलाला पुस्तक कशाला, हा प्रश्न जगाच्या पाठीवर पुष्कळ ठिकाणी विचारला गेला आहे. आपल्या वाचकांना तो नवा नाही.

२१ जुलै १८०१ रोजी मालकाचे घर कोसळले. चौदा वर्षांच्या जोसेफला ढिगाऱ्याखालून काही तासांनी जिवंत बाहेर काढण्यात आले. तेथे आलेले बव्हेरियाचे शासक मॅक्सिमिलियन जोसेफ यांनी त्याला अठरा सुवर्णनाणी दिली. चरित्रकार येथे शासकाची दया रंगवतात. मला त्या पैशाचा विनियोग अधिक महत्त्वाचा वाटतो : मुलाने काच घासण्याचे यंत्र घेतले, पुस्तके घेतली आणि उमेदवारीचे उरलेले महिने मालकाकडून विकत घेऊन स्वतःची सुटका केली.

१८०६ मध्ये ते उट्झश्नायडर यांच्या उपकरणांच्या कारखान्यात लागले. दुर्बिणीचे भिंग निर्दोष करायचे, तर काच प्रत्येक रंगाला किती वळवते हे अचूक कळले पाहिजे. पण वर्णपटात पिवळा संपून नारिंगी कोठे सुरू होतो, हे कोण सांगणार? १८१४ च्या सुमारास त्यांनी अरुंद फटीतून आलेला सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन दुर्बिणीने न्याहाळला. वर्णपटात काळ्या रेषा दिसल्या, पाचशेहून अधिक. काही रेषा वोलास्टन यांनी १८०२ मध्ये पाहिल्या होत्या. फ्रॉनहोफर यांनी त्या मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरे दिली. रंगांना आता पक्क्या खुणा मिळाल्या.

पुढे १८२१ मध्ये त्यांनी बारीक तारा समान अंतरावर ताणून विवर्तन जालक तयार केले. तारांमधील अंतर आणि किरण वळण्याचा कोन यांवरून तरंगलांबी काढता येते. पिवळ्या भागातील ‘डी’ या जोडरेषेची तरंगलांबी त्यांनी जी काढली, ती आजच्या मापाशी, म्हणजे सुमारे ५८९ नॅनोमीटरशी, जवळजवळ जुळते. एक मिलिमीटरचे सतराशे भाग केले, तर त्यातला एक भाग एवढा!

तरंगलांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार म्हणजे प्रकाशाचा वेग. निर्वात पोकळीत तो सर्व रंगांना सारखाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणून तांबड्याची लांबी अधिक, तर वारंवारता कमी, जांभळ्याचे उलट. ‘डी’ रेषेपाशी प्रकाशाची सेकंदाला सुमारे ५०९ लाख कोटी आंदोलने होतात. एवढी आंदोलने मोजायची कशी? पण लांबी मोजली गेली, वेग ठाऊक असला, की उरतो तो भागाकार. प्रकाश काचेत शिरला म्हणजे वेग घटतो, तरंगलांबीही त्याच प्रमाणात आखडते. वारंवारता मात्र तीच राहते. काचेत निरनिराळ्या रंगांचा वेग थोडा थोडा निराळा होतो, म्हणूनच लोलक त्यांना अलग करतो.

एवढे करूनही बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीत या माणसाला घ्यावे की नाही, यावर वाद झाला. त्यांच्याजवळ विद्यापीठाचे शिक्षण नव्हते, हा आक्षेप. आक्षेप घेणाऱ्यांची नावे आज शोधावी लागतात. १८२२ मध्ये एर्लांगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ७ जून १८२६ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

त्या काळ्या रेषा का पडतात, हे त्यांना उलगडले नव्हते. ते १८५९ मध्ये किर्खहोफ यांनी उलगडले. ‘डी’ ही सोडियमची खूण ठरली. गॅसच्या शेगडीवर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत क्षणभर पिवळी होते. तिची तरंगलांबीही तीच.