लक्ष्मीबाई टिळक : एका संसाराची हकीकत

टिळक म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लोकमान्यच उभे राहतात. लक्ष्मीबाई टिळक या लोकमान्यांच्याच घरातल्या कोणीतरी असाव्यात, अशी शाळेत असताना माझीही प्रामाणिक समजूत होती. मागल्या वर्षी ग्रंथालयातून 'स्मृतिचित्रे' घरी नेले, तेव्हा ती दूर झाली. आंबिवलीच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मी ते वाचीत असे आणि मधूनच एकटीच हसत असे. शेजारच्या बायका माझ्याकडे पाहत.

याच फलाटावरून नाशिककडे जाणाऱ्या गाड्या न थांबता धडधडत निघून जातात. लक्ष्मीबाईंचा जन्म त्या नाशिकजवळच्या जलालपूरचा, साल १८६८. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. आईचे वडील वासुदेव भगवंत जोग यांना १८५७ च्या बंडात फाशी झाली होती. वडिलांचे सोवळे तर विलक्षणच! बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. शिवाशिवीच्या अशा धाकात वाढलेल्या या मुलीला पुढे काय काय पाहावे लागणार होते, याची त्या घरात कोणाला कल्पना असणार?

१८८० मध्ये, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. पण लहानपणी काही वर्षे ते आपल्या शेजारच्या भिवंडीला शाळेत होते, हे वाचून मला उगीचच बरे वाटले. आई लवकर गेली, वडील तापट. घर सोडून नाशिकला आलेल्या या मुलाने गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्य शिकून घेतले. बुद्धी तीव्र, मन कोवळे, आणि राग मात्र नाकाच्या शेंड्यावर! एका गावी, एका नोकरीत टिकणे माहीत नाही. आज घरात असलेला माणूस उद्या कोठे असेल, सांगता यायचे नाही. हाती पैसा आला की ज्याला गरज असेल त्याला देऊन मोकळे. अशा नवऱ्याबरोबर संसार करायचा, तोही कधी सासऱ्याच्या जाचात, कधी नात्यातल्या कोणाच्या घरी राहून. पहिली मुले जगली नाहीत. १८९१ मध्ये दत्तू झाला, तो जगला.

लक्ष्मीबाईंना लिहा-वाचायला शिकवले ते टिळकांनीच. पण गुरुजी असे, की शिष्येचे चुकले की संतापायचे. तरी शिकवणे सोडले नाही आणि यांनीही पाटी सोडली नाही. माझ्या आईला सही करायला मी शिकवले, तेव्हा तिसऱ्या दिवशी माझाही आवाज चढला होता. आईने पेन्सिल खाली ठेवली आणि भाकऱ्या थापायला उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपणहून येऊन बसली. म्हणून पुस्तकातला तो भाग मी दोनदा वाचला.

१८९३ मध्ये टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले असता गाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. वाचन, मनन आणि मनातले भांडण दोन वर्षे चालले. बायको आणि मूल दुरावतील ही धास्ती त्यात मोठी होती. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बातमी आली आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या काळी ब्राह्मणाच्या घरातला मनुष्य ख्रिस्ती झाला की त्याचे नाव घेणेही नको, अशी रीत. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, आणि तरी घर मोडलेले! माणसे त्यांच्या मनावर परिणाम होईल की काय म्हणून घाबरली. बहिणीच्या कुटुंबाच्या आधाराने, काही काळ पंढरपूरला, त्यांनी दिवस काढले. ही ताटातूट चार-साडेचार वर्षे चालली.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार धर्मभेदामुळे नांदायला येत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येई व पुन्हा लग्न करता येई. टिळक तेव्हा जेमतेम पस्तिशीचे होते. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, नातेवाइकांचे टोमणे सोसत राहिले. ज्या माणसाला एका नोकरीत सहा महिने धीर धरवत नसे, त्याने बायकोसाठी साडेचार वर्षे धरला! लक्ष्मीबाईंच्या बाजूनेही पाहावे. नवरा मेला असे समजून अंघोळ करून मोकळे होण्याचा मार्ग समाजाने त्यांच्यापुढे ठेवलाच होता. तो त्यांनी घेतला नाही. रागावल्या, रडल्या, पण टिळकांशी नाते तोडले नाही.

मग त्या दत्तूला घेऊन अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या. गेल्या त्या हिंदू म्हणूनच. आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे. एकाच संसारात नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. टिळकांनी सक्ती केली नाही. एवढे तापट गृहस्थ, पण या एका बाबतीत आवाज चढवला नाही, हे मला त्यांच्या सगळ्या कवितांहून मोठे वाटते. (मराठीच्या सरांना हे पटणार नाही कदाचित.) आमच्या घरी अलीकडे स्थळांची बोलणी सुरू झाली आहेत. मुलगा काय कमावतो, खोली स्वतःची आहे का, हे सगळे विचारतात. बायकोचे मन वळेपर्यंत त्याला थांबता येईल का, असे विचारलेले मी अजून ऐकले नाही. मी स्वतः तरी कोठे विचारले आहे?

राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनातली गाठ सुटली, तीही कोणाच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, याचा आपल्याशीच विचार करता करता ती माणसाचीच करणी आहे असे त्यांना दिसले, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. ज्या घरात बाजारची वस्तू धुऊन घेत, त्या घरची ही लेक! बाप्तिस्मा त्यानंतर झाला. नवऱ्यामागे मुकाट्याने गेलेल्या बाईचे ते पाऊल नव्हते.

पुढचा संसार काही गोडीगुलाबीचा झाला असे मात्र समजू नये. टिळकांचे देणे-घेणे तेच, राग तोच. ते अनाथ मुले घरी आणीत आणि लक्ष्मीबाई त्यांना वाढवीत. घरात धान्य किती आहे ते त्यांनाच ठाऊक. दोघे भांडत; रुसवे होत; मग कोणीतरी हसे. लक्ष्मीबाईंना नवऱ्याच्या वेडेपणाचे हसू येई आणि स्वतःच्या वेडेपणाचेही. आपलीच फजिती त्या इतक्या मोकळेपणाने सांगतात, की टिळकांच्या दोषांबद्दल लिहितात तेव्हाही त्यात डंख राहत नाही. प्लेगच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, तेव्हा त्या लहरी मुलाची आई झाल्या. १९१८ मध्ये बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. त्या घरातले एक मूलच गेले म्हणायचे.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. साठीकडे झुकलेल्या नवऱ्याने पुन्हा एकदा सगळे सोडले! लक्ष्मीबाईंना या प्रकाराची सवय होती असे म्हणावे, तर प्रत्येक वेळी त्यांना नव्याने त्रास झालेलाच दिसतो. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले.

त्यानंतर त्या सतरा वर्षे जगल्या. पोटासाठी नोकरी केली, मुलाबरोबर कराचीला राहिल्या, अखेर नाशिकला परतल्या. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितले. ज्या बाईला नवऱ्याने रागावत रागावत अक्षरे शिकवली, तिने त्याच अक्षरांत त्याचे रागावणेही लिहून ठेवले. 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले. जोडाक्षरांचे अवडंबर नाही, संस्कृत अलंकार नाहीत. माझ्या आईला मी त्यातली काही पाने वाचून दाखवली. तिला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. मधेच ती म्हणाली की ही बाई आपल्या चाळीतलीच वाटते.

आणखी एक काम मागे उरले होते. येशूच्या जीवनावरचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांनी आरंभले होते, पण दहा-अकरा अध्यायांवर ते थांबले. ते पुरे करायला लक्ष्मीबाई बसल्या. कॉलेज नाही, शाळाही नाही, आणि वय साठीच्या पुढे सरकलेले. त्यांनी एकामागून एक चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. अखेरचा अध्याय देवदत्तांनी लिहिला. १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला, तेव्हा तो हातात घ्यायला दोघांपैकी कोणीच नव्हते.