सुगरणीच्या झाडाखालचे सलीम अली

पावसाळा भरात आला की गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्याच्या परिसरात धानाच्या बांध्या हिरव्यागार होतात. अशा दिवसांत बांध्यांच्या कडेला किंवा बोडीच्या पाण्यावर वाकलेल्या एखाद्या झाडावर सुगरणीची घरटी लोंबताना दिसतात. काही घरटी पूर्ण असतात, खाली लांब नळी असलेली. काही मात्र उलट्या टोपासारखी अर्धवटच राहिलेली असतात. नराने स्वतःला झुलण्यासाठी बांधलेला हा झोका आहे, अशी जुनी समजूत होती. अर्धवट घरट्यांमागचे खरे कारण १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम गावात उलगडले. ते उलगडणारा माणूस त्या वेळी तेहतीस वर्षांचा होता, विवाहित होता आणि त्याच्या हाताला नोकरी नव्हती. सलीम अली हे त्याचे नाव.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील आणि आई दोघेही ते अगदी लहान असतानाच वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या मुलांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता, त्यामुळे भाच्याच्या हातीही लवकरच छर्ऱ्याची बंदूक आली.

नऊ-दहा वर्षांच्या सलीमने केलेली पक्ष्यांविषयीची पहिली नोंद घरट्याचीच आहे, आणि ती वाचायला फारशी सुखद नाही. भिंतीतल्या भोकात चिमणीची मादी अंड्यांवर बसलेली होती आणि बाहेरच्या खिळ्यावर नर पहारा देत होता. मुलाने आडोशाला बसून नर टिपला. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर आला, तोही त्याने टिपला. सात दिवसांत असे आठ नर पडले. मोठेपणी प्रसिद्ध झाल्यावरही त्यांनी ही नोंद लपवली नाही. एक नर गेला की मादीला लगेच दुसरा मिळतो, हे त्या मुलाने नेमके हेरले होते. पण त्यामागचा प्रश्न विचारण्याचे वय अजून आले नव्हते.

पुढे एकदा त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. ही नेहमीची घरचिमणी नव्हती. मामांनी ओळखीची चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण उघडून भारतातल्या पक्ष्यांचा पेंढा भरलेला संग्रह दाखवला. पक्षी नेमका कसा ओळखायचा असतो, याचा हा पहिला धडा.

शिक्षणात मात्र खंड पडत गेले. सततच्या डोकेदुखीमुळे त्यांना हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाईकांकडे पाठवावे लागले होते. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. नंतर कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा पाहायला ब्रह्मदेशात गेले; तिथे धंद्यापेक्षा रानातल्या पक्ष्यांकडेच लक्ष जास्त राहिले. १९१७ मध्ये परतल्यावर व्यापारी शिक्षणासोबत सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लाटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ मध्ये तेहमीना यांच्याशी विवाह झाला. विद्यापीठाची पदवी मात्र कधीच पदरी पडली नाही, आणि त्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्याची दारे बंद राहिली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली.

दोनच वर्षांनी ते अभ्यासरजा घेऊन बर्लिनला गेले. तिथे एर्विन स्ट्रेसेमान हे त्यांचे गुरू झाले. तोवर पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः कातडी जमवणे, मोजमापे घेणे आणि नावे देणे. स्ट्रेसेमान यांच्याभोवतीच्या तरुण अभ्यासकांना जिवंत पक्ष्यात रस होता. तो काय खातो, घरटे कुठे बांधतो, जोडी कशी जमवतो, हे त्यांचे प्रश्न होते. पक्ष्याच्या पायात कडे घालून त्याचा प्रवास शोधण्याचे तंत्रही सलीम अली जर्मनीतच शिकले.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झालेले होते. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पती-पत्नींनी किहीमला मुक्काम हलवला. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती आणि समोर विणीचा सगळा हंगाम मोकळा पडला होता. घरटी बांधायला सुरुवात झाल्यापासून सलीम अली तासन्‌तास त्या झाडाशी बसू लागले. कोणत्या घरट्यावर कोणता नर आहे, मादी कधी आली, काय घडले, हे ते टिपत राहिले.

सुगरण ओळखणे वाटते तितके सोपे नाही. विणीच्या काळात नराचे डोके आणि छाती पिवळीधमक होते, चेहरा काळपट होतो. मादी मात्र वर्षभर चिमणीसारखी मातकट दिसते, आणि हंगाम सरला की नरही तिच्यासारखाच दिसू लागतो. मग खरी ओळख पटते ती घरट्यावरच्या वागण्यातून. मराठीने या पक्ष्याला बाईचे नाव दिले, पण घरटे विणतो तो नर. गवताच्या, धानाच्या किंवा ताडवर्गीय झाडांच्या पात्यांच्या हिरव्या चिरफळ्या आणून तो टोपाच्या आकारापर्यंत घरटे आणतो आणि थांबतो. मग माद्या येतात. पंख फडफडवणाऱ्या नरांच्या गर्दीत त्या घरटी तपासतात, आत शिरून पाहतात. एखादीला घरटे पसंत पडले की ती तिथेच ठाण मांडते. त्यानंतरच नर अंड्यांची खोली आणि प्रवेशाची नळी पूर्ण करतो. अंडी उबवण्याचे काम मादीच्या वाट्याला येते. नर तोवर जवळच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एकाच हंगामात एका नराची अशी एकापाठोपाठ अनेक कुटुंबे होतात. जे घरटे कोणत्याच मादीला पसंत पडत नाही, ते टोपाच्याच अवस्थेत लोंबत राहते. म्हणजे झोका समजले जाणारे घरटे हे बहुधा नाकारलेले घरटे होते. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रात सलीम अलींचे नाव झाले.

नोकरीचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. संस्थानांनी प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, आपण पक्ष्यांची पाहणी विनावेतन करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतून पुढची वर्षे तंबूत गेली. तेहमीना सोबत असत. या पाहण्यांत नमुन्यांसाठी पक्षी मारलेही जात. बंदूक त्यांनी कधी पूर्णपणे टाकली नाही. १९३९ मध्ये एका छोट्याशा शस्त्रक्रियेनंतर तेहमीना वारल्या. प्रतिजैविके अजून रुग्णालयांत पोहोचायची होती. त्यानंतर सलीम अली बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहिले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले. पक्षी केवढा, हे सांगताना त्यांनी इंचांऐवजी लोकांच्या नजरेतली मापे वापरली: चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याहून मोठा. ओळखखुणा, आढळ आणि सवयी यांच्याबरोबर घरट्याची माहितीही नियमाने दिली. कोणत्या महिन्यांत, कशावर, कशाचे घरटे आणि अंडी किती, हे सामान्य वाचकाला हाताशी मिळाले.

घरट्याच्या अशा नोंदी आरोग्याच्या प्रश्नांपर्यंत कशा पोहोचतात, याचे उदाहरण त्याच काळात अमेरिकेत घडत होते. कॅनडातले निवृत्त बँक व्यवस्थापक चार्ल्स ब्रोली १९३९ पासून फ्लोरिडातल्या उंच झाडांवर चढून बाल्ड ईगल या गरुडाच्या पिलांच्या पायात कडी घालत होते. या गरुडाचे डोके आणि शेपूट पांढरीशुभ्र होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. तोवर तो तपकिरी असतो आणि ओळखायला चुकतो. घरटे मात्र वर्षानुवर्षे तेच राहते, म्हणून मोजणीही घरट्यांवरच करता येते. १९४७ नंतर ब्रोलींना घरटी दिसत, पण पिले दिसेनात. त्यांनी डीडीटीवर संशय घेतला. माशांमधून गरुडाच्या शरीरात गेलेल्या या विषाच्या अंशामुळे अंड्यांची कवचे पातळ होतात, हे पुढे सिद्ध झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीत डीडीटी वापरण्यावर बंदी आणली आणि गरुड सावरले. कोकण किनाऱ्यावरचा समुद्र गरुड हा याच पक्ष्याचा जवळचा नातलग.

सलीम अलींच्या कामाचाही आरोग्याशी थेट संबंध आला. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र ताप येऊ लागला. गोचिडींतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर आला असेल का? या प्रश्नामुळे जागतिक आरोग्य संघटनेने सोसायटीच्या पक्षी-कडी प्रकल्पाला मदत केली, आणि जर्मनीत शिकलेले तंत्र सलीम अलींनी भारतात मोठ्या प्रमाणावर राबवले. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. मात्र भारतात येणारे पक्षी कुठून येतात, याची मोठी माहिती जमली.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही. भरतपूरच्या पाणथळीत गुरे चरू नयेत, असे त्यांचे आग्रही मत होते. १९८२ मध्ये तिथे चराईबंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन काही जण मृत्युमुखी पडले. पुढे त्यांच्याच संस्थेच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी गवताला आवरून धरत होत्या. त्या गेल्यावर गवताने पाणी व्यापले आणि बदकांसारख्या पक्ष्यांची अडचण झाली. किहीमच्या झाडाखाली जितके थांबणे झाले होते, तितके या प्रश्नावर झाले नव्हते.

एस. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिकोश १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेला ५०,००० डॉलरचा गेटी पुरस्कार त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी सोसायटीला देऊन टाकला. २० जून १९८७ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने त्यांचे मुंबईत निधन झाले.

५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यातला शेवटचा दिवस सलीम अलींच्या जन्माचा. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा. वनाधिकारी म्हणून त्यांनी ज्या नवेगावबांधच्या पाखरांवर लिहिले, ते गोंदिया जिल्ह्यातच आहे. महाराष्ट्रातले सारसही मुख्यत्वे याच जिल्ह्यात उरले आहेत, आणि ते पावसाळ्यात उभ्या धानातसुद्धा घरटे करतात. सारस बहुधा दोनच अंडी घालतो आणि ती महिनाभर उबवावी लागतात. घरटे दिसले की जवळ न जाता लांबूनच पाहावे, अंड्यांना हात लावू नये, तारीख आणि बांधी लिहून ठेवावी आणि शेतमालकाला सांगावे. धानाचा तेवढा तुकडा महिनाभर कुणी तुडवला नाही, तर पिले बाहेर पडण्याची शक्यता वाढते.