शेठ वालचंद हिराचंद आणि मोटारीचे सुटे भाग

भगिनींनो, स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हणजे संतांचे, समाजसुधारकांचे किंवा देशभक्तांचे चरित्र लिहायचे, असा आपला रिवाज आहे. यंदा मी एका कारखानदाराचे चरित्र निवडले आहे. आपले मिरजोळे औद्योगिक वसाहतीचे गाव. यंत्रांचा आवाज आपल्या कानांना नवा नाही. एखाद्या जुन्या फियाट गाडीची पुढची स्प्रिंग बसली किंवा ब्रेकचे लायनर झिजले, म्हणजे दुसऱ्या सालच्या गाडीचा भाग हिला बसेल का, असा प्रश्न पडतो. हा प्रश्न साधा वाटतो. पण तो आपल्या देशात विचारता यावा यासाठी एका माणसाने अर्धे आयुष्य झुंज दिली. ते गृहस्थ म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातेतील, धर्माने जैन, धंदा कापसाचा व सावकारीचा. आईचे छत्र अगदी तान्हेपणीच हरपले. मुंबईस व पुण्यास कॉलेजात शिक्षण झाले, परंतु पदवी पुरी न करताच ते घरच्या पेढीवर आले. पेढीवर बसून व्याज मोजणे त्यांना रुचेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागी केली आणि रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेण्यास आरंभ केला. सावकाराचा मुलगा आणि मराठी कारकून यांची ही जोडी लोकांना विचित्र वाटली असेल, पण ती चांगली जमली. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी अवघड कामे वालचंदांच्या हातून पार पडली.

पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांची दृष्टी समुद्राकडे वळली. हिंदुस्थानचा माल इंग्रजांच्या बोटींतून जातो आणि भाड्याचा पैसा परदेशात जातो, हे त्यांना सलत होते. ग्वाल्हेरच्या महाराजांनी युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरलेली ‘लॉयल्टी’ ही बोट त्यांनी भागीदारांसह विकत घेतली. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. त्याच दिवसाची आठवण म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. परदेशी कंपन्यांनी भाडी उतरवून या नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला, तरी ती तगली. आपण कोकणातली माणसे. मुंबईच्या बोटीची वाट पाहण्यात आपल्या आजी-पणजींचे दिवस गेले. त्यामुळे या झगड्याचे मोल आपल्याला निराळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एकाच वेळी तीन मोठी कामे अंगावर घेतली. बंगलोरला म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये विमानांचा कारखाना उभा केला. तो १९४२ साली सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमला जहाजे बांधण्याच्या गोदीची पायाभरणी १९४१ साली राजेंद्रबाबूंच्या हस्ते झाली आणि १९४८ साली ‘जलउषा’ हे जहाज तिथून पाण्यात उतरले. तिसरे काम मोटारीचे. तेच आजच्या लेखाचे मुख्य सूत्र आहे.

मोटारीचा कारखाना देशात निघावा, यासाठी सर विश्वेश्वरय्या १९३० नंतर सतत खटपट करीत होते. वालचंदांनी ती योजना उचलून धरली. फोर्ड कंपनीशी बोलणे जमले नाही. मग अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला. परंतु तेव्हाच्या इंग्रज सरकारने युद्धाच्या धामधुमीत या उद्योगाला हात दिला नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग इथे जोडणे वेगळे आणि ते भाग इथे घडवणे वेगळे. आयते पीठ आणून पोळ्या लाटणारी बाई उपाशी राहत नाही. पण दुकान बंद झाले की तिची चूल थंड. वालचंदांना जोडणीवर समाधान मानायचे नव्हते. भाग इथेच घडावेत, हा त्यांचा आग्रह होता. १९५३ साली सरकारनेही हेच धोरण धरले आणि नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथला गाशा गुंडाळावा लागला.

भाग घडवायचे म्हणजे ते एकसारखे घडवायचे. जगात या गोष्टीची मोठी परीक्षा १९०८ साली इंग्लंडमध्ये झाली होती. तीन कॅडिलॅक गाड्या पुरत्या सुट्या केल्या, सगळे भाग एकत्र कालवले आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. त्या कानस न लावता जुळल्या आणि पाचशे मैल धावल्या. तोवर एका गाडीचा भाग दुसरीला बसवायचा म्हणजे कारागिराने घासूनपुसून बसवायचा, अशी रीत होती. मापाची शिस्त आली, तेव्हाच मोटार सामान्य माणसाच्या दारी आली.

क्रायस्लरच्या मोठ्या गाड्यांपाठोपाठ प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी संधान बांधले आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यास तयार होऊ लागली. तिचीच पुढची रूपे म्हणजे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. १९६४ ची डिलाइट. मग प्रीमियर प्रेसिडेंट. आणि १९७४ पासून सर्वांच्या ओळखीची पद्मिनी. नावे बदलली, दिवे व जाळी बदलली, पण पोटातली ठेवण बरीचशी तीच राहिली. पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक व खाली एक असे दोन आर्म, मध्ये गुंडाळीची स्प्रिंग, चाक वळण्यासाठी किंगपिन, आणि चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या तर सख्ख्या बहिणीच. म्हणून त्यांचे पुढचे बहुतेक भाग एकमेकींना चालतात. १९५४ च्या सुमाराची गाडी मात्र मावशीसारखी समजावी. तोंडवळा तोच, पण माप घेतल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळची पद्मिनी आहे. तिच्या निमित्ताने मी मेस्त्रींच्या शेजारी उभी राहून जे शिकले, ते सांगते. भाग आणायला जाताना जुना भाग बरोबर न्यावा. गाडीच्या पट्टीवरचा चासी नंबर आणि भागावर ओतलेला किंवा ठोकलेला क्रमांक आधी लिहून घ्यावा. नंतर माप पाहावे. स्प्रिंगची तारेची जाडी, वेटोळ्यांची संख्या आणि मोकळी उंची; किंगपिनचा व्यास व लांबी; ड्रमचा आतला व्यास; ब्रेक शूची रुंदी; व्हील सिलिंडरचे भोक. डावा-उजवा भाग ओळखून घ्यावा. अँबेसिडरचा भाग फियाटला चालेल, असे कुणी म्हटले तर ऐकू नये. अँबेसिडर मूळची इंग्रजी, तिची आटी इंची मापाची, आणि पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पीळ घेणाऱ्या टॉर्शन बारच्या सळया. फियाटची आटी मिलिमीटरची. इंची आट्याचा नट मिलिमीटरच्या बोल्टवर एक-दोन फेरे गोडीने फिरतो आणि मग आटे खाऊन टाकतो. प्रीमियरचीच ११८ एनई गाडीही निराळ्या घराण्यातली. तिचा भाग पद्मिनीचा समजू नये.

ब्रेकच्या बाबतीत तर बसतो म्हणून चालतो, ही समजूत घातक आहे. सिलिंडरचे भोक जरा लहानमोठे झाले तरी एका चाकाला दाब अधिक आणि दुसऱ्याला कमी पडतो, आणि गाडी ब्रेक दाबताच एका बाजूस ओढते. घाटातल्या वळणावर हे केवढ्याला पडेल, ते आंबा घाटातून गेलेल्या प्रत्येकीस ठाऊक आहे. म्हणून शू आणि सिलिंडर नेहमी दोन्ही चाकांचे जोडीने बदलावेत. लेथवर पुन्हा पुन्हा कातून पातळ झालेला ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नये. ब्रेकमध्ये ब्रेकचेच तेल घालावे. दुसऱ्या तेलाने रबरी वॉशर फुगतात. आपल्या खाऱ्या हवेत ब्रेकच्या लोखंडी नळ्या आतून-बाहेरून गंजतात, त्या पावसाळ्यापूर्वी तपासून घ्याव्यात. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता पुन्हा चरित्राकडे वळते. १९४९ साली वालचंदांना अर्धांगाचा झटका आला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या फियाटने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघर नेले, ती ११०० कुर्ल्यातून निघालेली पाहण्यास ते उरले नाहीत. विमानांचा कारखाना आणि जहाजांची गोदी सरकारच्या हाती गेली. पद्मिनीचे उत्पादनही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली.

मग राहिले काय, असे कुणी विचारील. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय राहिले. तिथे शिकलेली मुले देशभर पसरली. दुसरे राहिले ते हे, की पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीची किंगपिन आजही आपल्याकडे मागता येते, मोजता येते आणि नाहीच मिळाली तर लेथवर करून घेता येते. विकत घेतलेली वस्तू मोडते. घडवण्याची विद्या हाती असली तर मोडलेली वस्तू पुन्हा उभी राहते. वालचंदशेठांची खरी ठेव हीच.

भगिनींनो, आपल्या मुली आज मोटारी चालवतात. त्यांना चालवण्याबरोबर चाकामागे काय आहे तेही दाखवावे, मेस्त्रींना चार प्रश्न विचारण्याचा संकोच त्यांच्या मनातून काढावा, एवढीच वर्धापनदिनाच्या निमित्ताने विनंती. मंडळास उत्तरोत्तर भरभराट चिंतून लेख पुरा करते.