अनवाणी पायांचा विजेता : अबेबे बिकिला

इथिओपियात आडनाव लावण्याची पद्धत नाही. मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव येते, तेवढेच. त्यामुळे जग ज्याला बिकिला म्हणून ओळखते, त्याचे स्वतःचे नाव अबेबे. बिकिला हे त्याच्या वडिलांचे. ७ ऑगस्ट १९३२ रोजी शेवा प्रांतातील जातो या खेड्यात त्याचा जन्म झाला.

अबेबे तीन वर्षांचा असताना मुसोलिनीच्या इटलीने त्याच्या देशावर आक्रमण केले. सम्राट हैले सेलासी यांना देश सोडावा लागला. १९३७ साली इटालियनांनी अक्सुम या प्राचीन नगरीतला दगडी स्तंभ रोमला नेला आणि तिथे विजयाची खूण म्हणून उभा केला. १९४१ मध्ये सम्राट परतले, देश मोकळा झाला. स्तंभ मात्र रोममध्येच राहिला.

मोठा झाल्यावर अबेबे राजधानी अदिस अबाबाला आला आणि सम्राटांच्या अंगरक्षक दलात शिपाई झाला. तिथे स्वीडनचे प्रशिक्षक ओनी निस्कानेन यांची नजर त्याच्यावर पडली. समुद्रसपाटीपासून सुमारे आठ हजार फूट उंचीवरच्या विरळ हवेत त्याचा सराव होत असे, तोही पुष्कळदा अनवाणी.

१९६० चे ऑलिंपिक रोमला भरले. आपला मिल्खा सिंग ४०० मीटर शर्यतीत चौथा आला, ते हेच ऑलिंपिक. १० सप्टेंबरला मॅरेथॉन होती. बूट पायाला नीट बसेनात, म्हणून अबेबे सवयीप्रमाणे अनवाणीच उतरला. बेचाळीस किलोमीटरांहून लांब शर्यत, तीही दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून. पाहणाऱ्यांना नवल वाटले. शर्यत संध्याकाळी सुरू झाली. अंधार पडला तशा जुन्या ॲपियन मार्गावर दुतर्फा मशाली पेटल्या. अखेरीस अबेबे आणि मोरोक्कोचा राधी एवढे दोघेच पुढे उरले. शेवटच्या टप्प्यात, अक्सुमचा तो स्तंभ होता त्याच्या आसपास, अबेबेने वेग वाढवला आणि कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली तो एकटाच पोहोचला. वेळ २ तास १५ मिनिटे १६ सेकंद, जागतिक उच्चांक. ज्या शहराने त्याच्या देशाला जिंकल्याचा उत्सव केला होता, त्याच शहरात इथिओपियाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक एका साध्या शिपायाने मिळवले.

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपूर्वी जेमतेम पाच आठवडे असताना त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. तरीही तो धावला, या वेळी बूट घालून, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूपेक्षा तब्बल चार मिनिटे आधी आला. वेळ २ तास १२ मिनिटे ११ सेकंद, पुन्हा जागतिक उच्चांक. बाकीचे स्टेडियमच्या बाहेरच होते, तेव्हा हा हिरवळीवर व्यायाम करत होता! ऑलिंपिकची मॅरेथॉन लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

१९६८ साली मेक्सिकोत दुखऱ्या पायाने त्याला साथ दिली नाही. सुमारे १७ किलोमीटरनंतर त्याने शर्यत सोडली. ती त्याचाच देशबांधव मामो वोल्डे याने जिंकली.

मार्च १९६९ मध्ये सम्राटांनी भेट दिलेली फोक्सवॅगन गाडी चालवत असताना अपघात झाला. ज्या पायांना सारे जग ओळखत होते, ते कायमचे लुळे पडले. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात दीर्घ उपचार झाले. हातांत बळ आले, पाय मात्र परतले नाहीत. त्याने काय करावे? धनुष्य उचलले. १९७० मध्ये चाकाच्या खुर्चीतून तो तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरला, पुढच्या वर्षी नॉर्वेत बर्फावरची स्लेजची शर्यत जिंकला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला तो खास पाहुणा म्हणून खुर्चीवरूनच हजर राहिला.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. वय अवघे ४१. अंत्ययात्रेला अफाट लोक लोटले. स्वतः सम्राटही आले.

२००५ मध्ये इटलीने तो स्तंभ परत केला आणि २००८ साली तो अक्सुमला पुन्हा उभा राहिला. दगड घरी यायला अडुसष्ट वर्षे लागली. देशाची गेलेली मान मात्र अबेबेने त्याच्या कितीतरी आधी, सव्वादोन तासांत, अनवाणी पायांनी परत आणली होती.