मनगटातला बोळ शोधणारे फेलिक्स गुयाँ

फेलिक्स गुयाँ यांचा जन्म २१ जुलै १८३१ रोजी हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर झाला. राज्य फ्रेंचांचे, पण पीक आपल्या पंचगंगाकाठासारखे उसाचे. पुढे पॅरिसमध्ये ते शल्यचिकित्सक झाले. १८६७ पासून नेकेर रुग्णालयातील मूत्रविकारांच्या कामामुळे त्यांची कीर्ती झाली. मूतखडा, प्रोस्टेट, मूत्राशय हा त्यांचा प्रांत. १८९० मध्ये ते पॅरिसला या विषयाचे प्राध्यापक झाले आणि क्युबातून आलेला त्यांचा शिष्य होआकिन अल्बाराँ पुढे त्याच जागेवर बसला.

गंमत अशी, की हाताचे डॉक्टर त्यांचे नाव घेतात ते १८६१च्या एका छोट्या टिपणामुळे. करंगळीच्या बाजूला, तळहात आणि मनगट जुळतात तिथे वाटाण्याएवढे हाड हाताला लागते. त्याला लागून एक अरुंद बोळ आहे. त्यातून अल्नर ही नस (मज्जातंतू) आणि एक रोहिणी तळहातात उतरते. हा बोळ गुयाँ यांनी नोंदवला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

१९२० मध्ये गुयाँ गेले. त्यानंतर ३२ वर्षांनी ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी गँगलियनमुळे याच नसेची खोल शाखा दबलेले रुग्ण नोंदवले. गँगलियन म्हणजे सांध्यातून उगवलेली, जेलीसारख्या द्रवाने भरलेली साधी गाठ. कर्करोगाशी तिचा संबंध नाही. मनगटाच्या मागे ती उठून दिसते, म्हणून माणूस दाखवायला तरी येतो. बोळातली गाठ मात्र बाहेरून दिसेलच असे नाही. चरबीची गाठही तिथे हेच करू शकते.

खोल शाखेचे काम स्नायू हलवण्याचे. त्वचेची संवेदना तिच्याकडे नाही. त्यामुळे मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, कधी कधी दुखणेही नाही. फक्त किल्ली फिरवताना चिमटीत जोर राहत नाही, बोटे फाकत नाहीत, अंगठा आणि तर्जनीमध्ये हाताच्या मागे खळगा पडतो. वय झाले म्हणून लोक सोडून देतात, आणि मला यातलीच दिरंगाई सर्वांत खटकते. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये गाठ सापडते. वेळेत काढली तर ताकद काही महिन्यांत बरीचशी परत येते. स्नायू पार वाळल्यावर तेवढी येत नाही.

आपल्याकडे करंगळी वाकलेली दिसली की आधी कुष्ठरोग तपासतात, ते योग्यच आहे. त्यात बहुधा कोपराजवळ नस जाड लागते आणि संवेदना जाते. संवेदना शाबूत असून हात वाळत असेल, तर मनगटातला हा बोळ तपासून घ्यावा.