कुर्ट ग्योडेल

कुर्ट फ्रीडरिश ग्योडेल (जन्म : २८ एप्रिल १९०६, ब्रनो, मृत्यू : १४ जानेवारी १९७८, प्रिन्स्टन) हे तर्कशास्त्रज्ञ व गणिती होते. अपूर्णतेच्या प्रमेयांसाठी ते प्रसिद्ध आहेत. गणनाचे प्रतिमान बदलल्यावर कोणते निष्कर्ष टिकतात, या प्रश्नाच्या इतिहासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

जीवन

ग्योडेल यांचा जन्म तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील एका जर्मनभाषक कुटुंबात झाला. १९२४ साली त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठात प्रवेश घेतला. अंकगणित सामावून घेणाऱ्या कोणत्याही सुसंगत स्वयंसिद्धक-प्रणालीत सिद्ध वा असिद्ध न करता येणारी विधाने असतात, हे त्यांनी १९३१ साली दाखवले. १९३८ साली आडेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४० साली हे दांपत्य सायबेरिया व प्रशांत महासागरमार्गे अमेरिकेस पोहोचले. प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेत आल्बर्ट आइन्स्टाइन हे त्यांचे निकटचे स्नेही होते.

गणनाविषयक विचार

गणनक्षमतेची अलोन्झो चर्च यांनी सुचवलेली व्याख्या ग्योडेल यांना प्रारंभी पटली नव्हती. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली मांडलेल्या यंत्राच्या विश्लेषणाने मात्र त्यांचे समाधान झाले. गणनक्षमतेची संकल्पना विशिष्ट प्रणालीवर अवलंबून नसून निरपेक्ष आहे, असे मत त्यांनी १९४६ साली प्रिन्स्टन येथील व्याख्यानात मांडले.

लागणाऱ्या श्रमांबाबत मात्र अशी निरपेक्षता आढळत नाही. अधिक समर्थ प्रणाली स्वीकारल्यास काही प्रमेयांच्या सिद्धता कितीतरी आखूड होतात, हे ग्योडेल यांनीच १९३६ सालच्या टिपणात नोंदवले होते. यंत्रांबाबतही पुढे हेच आढळले. 'नयन', 'सरस' यांप्रमाणे एखादा शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हे तपासण्यास एकाच फितीच्या ट्युरिंग यंत्राला अक्षरसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात पायऱ्या लागतात. दोन फितींच्या यंत्राला अक्षरसंख्येच्याच प्रमाणात पुरतात. मात्र एका फितीमुळे होणारी ही वाढ वर्गापलीकडे जात नाही. त्यामुळे पायऱ्यांची वाढ बहुपदी आहे की घातांकी, हा भेद नेहमीच्या प्रतिमानांत कायम राहतो.

फॉन नॉयमन यांना पत्र

२० मार्च १९५६ रोजी ग्योडेल यांनी कर्करोगाने आजारी असलेले जॉन फॉन नॉयमन यांना जर्मनमध्ये पत्र लिहिले. दिलेल्या विधानाची ठरावीक लांबीची सिद्धता अस्तित्वात आहे का, हे ठरवण्यास यंत्राला किती पायऱ्या लागतील, असा प्रश्न त्यात होता. ही संख्या लांबीच्या किंवा तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यास, होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नांपुरते गणितज्ञाचे काम यंत्राकडे सोपवता येईल, हे त्यांनी ओळखले होते. फॉन नॉयमन ८ फेब्रुवारी १९५७ रोजी निवर्तले. स्टीफन कुक यांनी १९७१ साली मांडलेल्या व अद्याप अनिर्णित असलेल्या प्रश्नाचे हे पूर्वरूप मानले जाते.

पीटर शोर यांनी १९९४ साली मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची बहुपदी वेळेतील पुंज-रीत दिली. साध्या संगणकासाठी तशी रीत अद्याप ज्ञात नाही. पुंजसंगणकामुळे गणनीय काय, याची मर्यादा बदलत नाही; श्रमांचा वरील भेद तेथेही टिकतो का, हा प्रश्न मात्र खुला आहे.

अखेर

उत्तरायुष्यात ग्योडेल यांना विषप्रयोगाच्या भीतीने ग्रासले होते. पत्नी रुग्णालयात असताना त्यांनी अन्न जवळजवळ वर्ज्य केले व उपासमारीने त्यांचा अंत झाला. सैद्धांतिक संगणकशास्त्रातील उत्कृष्ट शोधनिबंधांसाठी १९९३ पासून त्यांच्या नावे ग्योडेल पारितोषिक दिले जाते.