लोकशिक्षक डी. व्ही. गुंडप्पा

बेंगळुरू हे नाव मराठी माणसाला शहाजीराजांच्या जहागिरीमुळे परिचित आहे. अलीकडच्या काळात ते तेथील संगणक उद्योगामुळे घरोघरी पोहोचले. शहराच्या आग्नेयेकडील कोरमंगला हा भाग विसाव्या शतकाच्या आरंभी तळी आणि शेते असलेले एक खेडे होता. आज तेथे मोठमोठी कार्यालये आहेत आणि महाराष्ट्रासह देशभरातून आलेली तरुण मंडळी तेथे राहतात. कोरमंगल्याहून पश्चिमेस काही किलोमीटर गेले की बसवनगुडीचा जुना परिसर लागतो. तेथे बुल टेम्पल रस्त्यावरील एका संस्थेवर रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी जन्मलेल्या एका मराठी पुरुषाचे नाव आहे. ती संस्था म्हणजे ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’ होय. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आपल्या संस्थेला देणारे गृहस्थ मात्र कन्नड साहित्यिक होते. देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा हे त्यांचे संपूर्ण नाव. कर्नाटकात ते ‘डीव्हीजी’ या तीन अक्षरांनी ओळखले जातात.

गुंडप्पा यांचा जन्म 17 मार्च 1887 रोजी कोलार जिल्ह्यातील मुळबागल येथे झाला. संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. परंतु मॅट्रिकच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले आणि त्यांचे शालेय शिक्षण तेथेच संपले. पुढे चरितार्थासाठी मिळेल ते काम करणे त्यांना भाग पडले. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत सोडा-कारखान्यात त्यांनी नोकरी केली, तर बेंगळुरूत घोडागाड्या रंगवण्याच्या कारखान्यातही काही काळ काढला. वाचन मात्र त्यांनी सोडले नाही. विद्वान शास्त्र्यांकडे जाऊन ते संस्कृत ग्रंथ शिकत आणि इंग्रजी राज्यशास्त्राचे ग्रंथ स्वतःच्या बळावर वाचून काढीत. पदवी नसलेल्या या माणसाला 1961 साली म्हैसूर विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. ही पदवी दिली.

वृत्तपत्रांत लिहिता लिहिता ते पत्रकार झाले. 1913 मध्ये त्यांनी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. म्हैसूर हे तेव्हा संस्थान होते. वर महाराज, त्यांच्या खाली दिवाण आणि रयतेच्या प्रतिनिधींना बोलण्यापुरती सभा, अशी तेथील राज्यव्यवस्था होती. ही प्रतिनिधी सभा दिवाण रंगाचार्लू यांच्या कारकिर्दीत, 1881 साली स्थापन झाली होती. गुंडप्पा यांनी तरुणपणीच रंगाचार्लू यांचे चरित्र लिहिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. प्रजेला राज्यकारभारात वाटा मिळावा असे त्यांना वाटत होते. पण तो वाटा मिळाल्यावर तो सांभाळणारी प्रजा कोठून यावी, हा प्रश्न त्यांना अधिक छळत असे. मत देणाऱ्या माणसाला आपल्या गावाचा, आपल्या राज्याचा आणि तो घडवणाऱ्या माणसांचा परिचय नसेल, तर निवडणुकीला काय अर्थ उरतो? 1926 पासून ते म्हैसूरच्या विधान परिषदेचे सदस्य होते. सभागृहातील अनुभवाने त्यांचा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला असणार.

या प्रश्नाचे उत्तर त्यांना गोखले यांच्या जीवनात सापडले. सार्वजनिक कार्य हे साधनेसारखे निष्ठेने करावे, त्यासाठी अभ्यास करावा आणि विरोधकाचे म्हणणेही शांतपणे ऐकून घ्यावे, ही गोखले यांची रीत होती. पुण्यात 1905 साली त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली ती याच हेतूने. 1915 मध्ये गोखले निवर्तले. गुंडप्पा यांनी त्यांचे चरित्र कन्नड भाषेत लिहिले आणि 1945 साली स्थापन केलेल्या आपल्या संस्थेला त्यांचेच नाव दिले. पुण्यातील अर्थशास्त्राची गोखले संस्था ही निराळी, तिच्याशी या संस्थेची गल्लत होऊ नये.

या संस्थेत ग्रंथालय होते आणि अभ्यासमंडळे भरत. दिवसभराचे काम आटोपून कारकून, शिक्षक, वकील, विद्यार्थी असे वेगवेगळ्या व्यवसायांतील लोक तेथे जमत. गुंडप्पा त्यांच्यापुढे कधी गीतेवर, कधी वाल्मीकीवर, तर कधी राज्यघटनेवर बोलत. या व्याख्यानांना परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. मोठ्या सभा गाजवणारे वक्ते त्या काळी पुष्कळ होते. पण लहानशा खोलीत तेच तेच श्रोते पुन्हा पुन्हा येतील आणि प्रश्न विचारतील अशा रीतीने वर्षानुवर्षे बोलत राहणे, हे काम त्याहून अवघड म्हटले पाहिजे.

त्यांचे गीतेवरील विवेचन पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्यास 1967 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1943 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मंकुतिम्मन कग्ग’ हा त्यांचा काव्यग्रंथ तर कर्नाटकात अतिशय लोकप्रिय आहे. त्यात चार ओळींची 945 पदे आहेत. परंतु स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे लेखन म्हणजे ‘ज्ञापक चित्रशाले’, म्हणजेच आठवणींची चित्रशाळा. उतारवयात लिहिलेल्या या आठ भागांत त्यांनी आपण पाहिलेल्या माणसांची चरित्रे रेखाटली. एका भागात म्हैसूरचे दिवाण आहेत, दुसऱ्यात वीणावादक शेषण्णा आणि गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांच्यासारखे कलावंत आहेत. वेदविद्येत आयुष्य घालवणारे शास्त्री आहेत, साहित्यिक आहेत आणि ज्यांचे नाव कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही अशी साधी, मोठ्या मनाची माणसेही आहेत. नागरत्नम्मा या देवदासी घराण्यातील होत्या. अशा स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सर्वज्ञात आहे. गुंडप्पा यांनी मात्र तिच्या विद्वत्तेचे आणि कलेचे आदराने चित्रण केले.

या चरित्रांत दिवाण आणि साधा गृहस्थ एकाच पुस्तकमालेत शेजारी बसले, हे त्यांचे वेगळेपण आहे. इतिहास म्हणजे राजांची वंशावळ, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती. गुंडप्पा यांनी तिच्याशी वाद घातला नाही, माणसे तेवढी वाचकासमोर आणून उभी केली. त्यांनी टिपून ठेवले नसते, तर जुन्या म्हैसूर राज्यातील कितीतरी माणसांच्या बोलण्याचालण्याच्या तऱ्हा, त्यांची आतिथ्यशीलता, त्यांचा विनोद आणि त्यांचे हट्टसुद्धा त्यांच्याबरोबरच नाहीसे झाले असते.

स्वतःच्या कीर्तीविषयी आणि पैशाविषयी ते उदासीन राहिले. 1970 साली बेंगळुरूच्या कलाक्षेत्रात त्यांचा जाहीर सत्कार होऊन त्यांना 90,000 रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. गुंडप्पा यांनी ती सर्वच्या सर्व गोखले संस्थेला देऊन टाकली. 1974 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. 7 ऑक्टोबर 1975 रोजी वयाच्या 88 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बी. जी. एल. स्वामी हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. वनस्पतींविषयी त्यांनी रसाळ कन्नड भाषेत लेखन केले आणि त्यांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

बसवनगुडीतील एका रस्त्याला आज गुंडप्पा यांचे नाव आहे आणि जवळच्या उद्यानात त्यांचा पुतळा आहे. संस्थेच्या पाटीवर मात्र त्यांनी घातलेले गोखले यांचेच नाव कायम असून, तेथील सभागृहात व्याख्याने होत असतात.